राहीबाईंसाठी कोण रडणार

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात कुणी गेलं, की आधी राहीबाईंना बोलावणं जायचं. पदर पुढं ओढून त्या मयताच्या उशाशी बसत आणि गावच्या बोलीत हेल काढून रडत. नुसतं रडणं नव्हे ते. गेलेल्या माणसानं विहीर कशी पाडली, कुणाच्या अडीनडीला धावला, सगळं त्यात यायचं. माणूस जिवंतपणी कसला का असेना, राहीबाईंच्या तोंडून तो चांगलाच निघायचा.

पुढं गावच्या लेकी शिकल्या, शहरात गेल्या आणि मयताला तोंडावर रुमाल धरून हुंदके देऊ लागल्या. मोठ्यानं रडणं त्यांना गावंढळ वाटतं. मला त्या रुमालांचा राग येतो. आपली बोली शाळेनं हाकलली, मग घरानंही हाकलली. निदान मरणाच्या दारात तरी तिला जागा ठेवायची होती.

एकदा राहीबाई मला म्हणाल्या, "मी गेल्याव मला कोण रडायचं? आमच्या संयोगिताला लाज वाटतीया." संयोगिता त्यांची मुलगी, पुण्यात नोकरीला.

"सून हाय की," मी म्हणालो.

"लय गुणाची हाय. पर तिला आपलं रडणं कुठलं यायचं?"

सून सस्मिता ओडिशाची. शेती करणाऱ्या पोराला इकडं मुलगी मिळेना, म्हणून त्यांच्या शिवतेजनं तिकडची केली. तिला मराठी यायचं ते कामापुरतं.

गेल्या पौषात राहीबाई गेल्या. अंगण माणसांनी भरलं, पण आवाज नाही. संयोगिता आईचा हात धरून बसलेली. तोंड उघडायची, पण शब्द फुटत नव्हता. साऱ्या गावासाठी रडलेली बाई मुक्यानं चालली होती.

तेवढ्यात सस्मिता पुढं आली, सासूच्या उशाशी बसली आणि तिनं हेल काढला. तिच्या मुलखातही बायका असंच रडतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. शब्द सगळे तिच्या भाषेतले, आम्हाला एक कळेना. तरी बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग त्या परक्या शब्दांत एक आमचा आला, "आत्या." आमच्याकडं सुना सासूला अशीच हाक मारतात.

ती हाक ऐकली आणि संयोगिता वहिनीच्या गळ्यात पडली. पुण्याचं सारं मराठी गळून गेलं. साऱ्या गावादेखत तिनं टाहो फोडला, "आये, मला टाकून कुटं निगालीस गं."