हिराबाईंचं गाणं आणि दत्ताचं बोट

दत्ता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पापलेटं साफ करत होते. हात तसेच राहिले... त्याला आता महिना होईल. शोकसभेत आमच्या कॅसेट कंपनीचे शेठ म्हणाले, "माणूस कसबी, पण हट्टी. जमवून घेता आलं नाही त्याला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, याचा अजून राग येतो. म्हणून हे लिहिते आहे. हट्टी होता, आणि बरंच झालं.

अंधेरीच्या त्या स्टुडिओत दत्ता रेकॉर्डिंग करायचा, मी कॅसेटच्या आतल्या कागदावरचा मजकूर लिहायचे. शेठनी कॉम्प्रेसर आणला होता. मोठा आवाज तो आपोआप खाली दाबायचा. मग सगळंच वर उचललं की कुजबुज आणि आरोळी जवळजवळ एका पातळीवर. शेठ खूश! रिक्षात, बाजारात, कुठेही गाणं सारखंच ऐकू येणार. दत्ताचा त्या यंत्रावर राग नव्हता, हे मुद्दाम सांगते. जाहिरातींना तो स्वतःच ते लावायचा. पण त्याचा एक नेम होता, गाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय टेप पुढे धाडायची नाही.

खारदांड्याच्या हिराबाईंनी लेकीच्या पाठवणीचं गाणं गायलं होतं. सुरुवात इतकी हळू की ऐकणाऱ्याने श्वास रोखावा, आणि शेवटी लांब गेलेल्या लेकीला मारलेली हाक. शेठच्या हुकमाप्रमाणे दत्ताने ते कॉम्प्रेसरमधून काढलं आणि बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "गानं बरं हाय रं पोरा. पन लेक गेली कुठं? ही तं बाजूलाच बसलीय."

दत्ताचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं, बाय," म्हणाला आणि यंत्र बंद करून पुन्हा पहिल्यापासून बसला. आवाज कमीजास्त करायच्या पट्टीवर एक बोट. कुजबुज टेपच्या खरखरीत बुडू नये, एवढीच उचलायची. हाकेला हात लावायचा नाही. बाई कुठे श्वास घेतात, तेही त्याने पाठ केलं होतं.

शेठ भडकले. "अरे, रिक्षात कोण ऐकणार हे?"

"रिक्षा थांबवून ऐकतील."

"दाबलेलीच कॅसेट निघणार. पटत नसेल तर दुसरीकडे बघ."

"बघतो. पण तिच्यावर माझं नाव नको."

नाव मीच खोडलं, आणि घाबरून तिथेच नोकरी करत राहिले. दत्ता बोरीवलीत रेडिओ दुरुस्त करत बसला. एकदा विचारलं, "पस्तावतोस का रे?" हसून आपल्या मालवणीत म्हणाला, "कित्याक गो? बायची लेक सासरी पोचली मां?"

त्याने हाताने केलेल्या टेपच्या दोनच प्रती निघाल्या. एक हिराबाईंकडे, एक माझ्याकडे. हल्ली रोज दुपारी ती लावते. सुरुवात ऐकायला पंखा बंद करावा लागतो. मग हाक येते, आणि शेजारचे काका भिंतीवर थापा मारतात. काल तर दारातच आले. "अहो, आवाज कमी करा जरा!"

"नाही करणार, काका," मी म्हटलं. "लांबच्या माणसाला हाक मारतेय ती."