तिच्यासाठी राखलेले सोले

सावली गावी आमच्या धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर असते. पौषात शेंगा भरल्या की आम्ही त्या हिरव्याच तोडतो आणि आतले कोवळे दाणे काढतो. त्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीचा सगळा जीव त्या सोल्यांवर. लग्न होऊन ती बल्लारपूरला गेली, तरी पौषात एक दिवस शेंगा सोलायला म्हणून यायचीच, आणि निम्मे दाणे कच्चेच खाऊन टाकायची.

सोले वर्षभर टिकवायचं मी बचत गटाच्या शिबिरात शिकले. मोठ्या गंजात पाणी उकळायचं, दाणे टाकायचे, रंग खुलला की लगेच झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात. मग जुन्या धोतरावर पसरून कोरडे करायचे आणि पाकिटात भरून हवा काढून टाकायची. ओल राहिली तर दाण्यांचा गोळा होतो, जास्त उकळले तर नुसता गाळ. या कामात मी कुणाला हात लावू देत नाही, स्वभावच माझा फौजदाराचा. बहीण शेजारी बसून हसायची. "पह्यले उकळून काढलं, आता गारठवून राह्यली. त्या बिचाऱ्या दाण्यानं तुह्यं काय बिघडवलं वं बाई?"

गेल्या पौषात ती आली नाही. घास अडकतो म्हणत होती. संक्रांतीनंतर कळलं, अन्ननलिकेचा कॅन्सर. आमचे जावई, म्हणजे तिचा नवरा, तिला नागपूरच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी तिच्या वाट्याचे सोले तीन पाकिटांत भरून फ्रीजरच्या तळाशी ठेवले. उन्हाळ्यात लाईन गेली की फ्रिजवर गोधडी टाकायची आणि घरात दम भरायची, दार उघडाल तर खबरदार. नवऱ्याला थंड पाणी मिळेना. शेवटी तो म्हणाला, "तुहा फ्रिज राहू दे तुले. मी माठ आनतो."

वैशाखात तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "बाई, सोलेभात खाव वाटून राह्यला वं. आन ना."

मी नाही म्हणाले. लहानपणी तिला हिवताप यायचा आणि कडू गोळी ती थुंकून टाकायची. गोळी पोटात गेल्याशिवाय गूळ हातात पडणार नाही, हा नियम माझा होता. त्या नियमानेच ती बरी व्हायची, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. म्हणून तिला म्हणाले, "दवाखान्यात नाई भेटत सोलेभात. बरी हो, घरी ये, मंग गंजभर रांधीन."

ती म्हणाली, "बरं, राहू दे तं."

मला वाटलं, आता ती येणार. घरी यायला मी तिला कारण दिलं होतं. खरं तर एसटीने चार तासांचा रस्ता. डबा थंड झाला असता, एवढंच.

ज्येष्ठ लागायच्या आत ती गेली.

तिचं सगळं आटोपून मी सावलीला परतले तेव्हा शेजारीण भेटायला आली. तिचं घर तळ्यातल्या मासोळीवर चालतं. ती मायेनेच म्हणाली, "तिच्या आवडीचं कावळ्याले ठेव ना बाई." आमच्याकडे ते नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच पिंड, कावळा सगळं सोडलं, आणि गावात कुणी मागे वळलं तर भांडायला मीच पहिली. तिलाही मी नीट समजावून सांगितलं. आम्ही वंदना घेतली होती, भन्तेजींना भोजनदान दिलं होतं, काही उणं ठेवलं नव्हतं. पण शेजारीण उठून घरी गेल्यावर मला तिचा हेवा वाटला. तिच्या घरी उशीर झाला तरी ताट मांडायला जागा होती. माझ्याकडे तीन पाकिटं होती आणि ती मागणारी नव्हती.

दिवाळीच्या आधी जावई भेटायला आले. मी एक पाकीट फोडलं. दाणे हिरवेगार निघाले, कालच सोलल्यासारखे. माझ्या कामात कुठे म्हणून चूक नव्हती. सोलेभात करून त्यांना वाढला.

चार घास खाऊन ते थांबले. "बाई, तिनं तुमाले फोन केला, तवा तिले गिळता येत होतं," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं होतं, आठ दिवसात नळी टाका लागन, जे खाव वाटते ते खाऊन घ्या. म्हून तिनं मांगला होता."

हे तिने मला सांगितलं नव्हतं. ते रागावले असते तर मी भांडले तरी असते, ते मला जमतं. पण त्यांनी मान खाली घालून ताट संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, "चांगला झाला होता, बाई."