बरणीचा तळ

मला सगळे पाण्याचा डॉक्टर म्हणतात. ही पदवी मीच मला दिली. लोकांनी ती हसत हसत चालू ठेवली.

माझा धंदा शिंपल्यांच्या शेतीचा. खाडीत तराफे तरंगतात, तराफ्यांना दोर लोंबतात आणि दोरांना शिंपल्या चिकटून वाढतात. पाण्यातलं बारीकसारीक गाळून त्या स्वतःच पोट भरतात. म्हणजे मेहनत त्यांची आणि मिशीला पीळ माझा. खाडीकाठच्या माझ्या शेडवर कुणी आलं की मी गढूळ पाण्याच्या दोन बरण्या मांडायचो. एकीत दहा शिंपल्या टाकायचो. तासाभरात तिच्यातलं पाणी नितळ व्हायचं आणि माझं भाषण सुरू व्हायचं. पाहुण्यांची पाठ वळली की बरणी लगेच विसळायची, एवढी शिस्त मी पाळायचो.

माझी थोरली बहीण ओहोटीला शेडसमोरच्या चिखलात हात घालून शिंपल्या वेचते. त्या वेगळ्या, चिखलात राहणाऱ्या. तिचं पोट त्यावरच. तीन वर्षं तिची टोपली निम्मीही भरेना.

"तुझ्या तराफ्यांखालचा चिखल काळा पडलाय रे," ती म्हणाली. "घाण वास मारतो."

"चिखल काय गोरा असतो? ताई, तुझे डोळे अधू झालेत."

मी तिला चष्मा करून दिला. हाताने चाचपून वेचणाऱ्या बाईला चष्मा! वर्षभराने नंबर वाढवून दुसरा दिला, आणि भाऊ असावा तर असा, असं मलाच वाटलं.

आमचे बाबा दर दोन हंगामांनी तराफे हलवायचे, खालच्या जमिनीला उसंत मिळावी म्हणून. मी सात वर्षं हलवले नव्हते. शेडसमोर पाणी संथ, दोर तुटत नाहीत, आणि खरं सांगायचं तर वल्हवायचा कंटाळा. उलट मधल्या मोकळ्या जागेत आणखी सहा तराफे घुसवले. याला मी नियोजन म्हणायचो.

मग एके दिवशी पलीकडच्या बंदरातले वीसेक जण धंदा शिकायला आले. मी इतका रंगात आलो की दोन तास झाले तरी थांबेना. तेवढ्यात ताई रिकामी टोपली घेऊन आली, चष्मा सावरत बरणीवर वाकली.

"तळाशी काय साचलंय रे?"

वीस माना खाली वाकल्या. तळाशी काळपट गाळाचा थर होता.

"खातात म्हणजे हगणारच," ताई म्हणाली. "दहा जणींचं एवढं. तुझ्या लाखभर जणींचं जातं कुठे?"

"खाली," मी पुटपुटलो.

"खाली मी असते."

पाहुणे गेल्यावर मी पहिल्यांदाच ताईच्या चिखलात उतरलो आणि कोपरापर्यंत हात घातला. सडक्या अंड्यांचा वास आला. हाताला लागले ते नुसते उघडे, रिकामे शिंपले. मला तिथेच रडू फुटलं. सात वर्षं मी वरचं पाणी धुतलं आणि सगळी घाण बहिणीच्या ताटात ओतली होती.

निम्मे तराफे मोडले, उरलेले बाहेर वाहत्या पाण्यात नेले. आता रोज पाऊण तास वल्हवतो. तळहाताला फोड आलेत, लाटांनी दोर तुटतात. भाषणाच्या बरणीत आता चमचे ठेवलेत.

चिखलाला मात्र घाई नाही. ताई अजूनही रोज जाऊन चाचपते. परतताना होडी बांधता बांधता मी रोज विचारतो, "आज सापडलं का काही?"

ती टोपली उलटी करून दाखवते आणि नाकावरचा चष्मा नीट करते.

"नाही रे. डोळे अधू झालेत ना माझे."