एका पंखाचं स्कायलॅब

कौशल्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, तेव्हा सगळं नागपूर आभाळाकडे बघत होतं. एकोणऐंशी सालच्या जुलैमधला बुधवार होता. अमेरिकेने वर पाठवलेली स्कायलॅब नावाची प्रयोगशाळा त्या दिवशी पृथ्वीवर कोसळणार होती, आणि नेमकी कुठे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या इतवारीतल्या शाळेत निम्म्या मुली आल्याच नाहीत. दुपारी शाळा सोडून दिली आणि मी धरमपेठेच्या बसकडे निघाले. दुकानं बंद, रस्ता सुना. बुरडांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दगडी ओट्यावर एक बाई मात्र पाय पसरून निवांत बांबू फोडत बसली होती.

"अहो, घरात जा ना," मी म्हटलं. "आज ते स्कायलॅब पडणार आहे."

तिने कोयता थांबवला नाही. "घर तं कुडाचं हाय जी. आत बसली काय न् बाहेर बसली काय. बाहेर बसली तं येताना दिसन तरी."

मी विज्ञान शिकवणारी बाई, आणि लगबगीने घरी निघाले होते. हसू आलं आणि पाय थांबले.

स्कायलॅब दूर ऑस्ट्रेलियात जाऊन पडलं. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली, मुली आल्या. पण कौशल्याचं संकट आभाळातलं नव्हतं, ते त्या ओट्याचं होतं, हे मला नंतर कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची, म्हणजे राक्षसिणीच्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. वर्षभराची इडापिडा मारबतीसोबत गावाबाहेर न्यायची आणि जाळून टाकायची. मारबतींच्या मागून गल्लोगल्लीचे बडगे निघतात. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा उंच पुतळा. त्या वर्षी लोकांना ज्याने छळलं असेल, त्याचं सोंग. कौशल्याच्या गल्लीत एक रीत होती: ज्याच्या हातचा बडग्या, त्याचा तो ओटा. वर्षभर त्याने तिथे बसून सुपं-टोपल्या विणायच्या, गिऱ्हाइकं घ्यायची. अनेक वर्षं बडग्या कवडूच्या हातचा होता. स्कायलॅबच्या आधीच्या हिवाळ्यात कवडू वारला. कौशल्या त्याची बायको.

कवडूचा थोरला भाऊ रामाजी ओट्यावर डोळा ठेवून होता. गल्लीच्या मंडळाचे प्रमुख भैय्याजी, त्यांच्यासमोर तो म्हणाला, "बाईच्या हातचा बडग्या कुठं असते का? बडग्या उचलते कोण? माणसं."

"उचला ना," कौशल्या म्हणाली. "मी कुठं उचलाले मागून राहिली? बनवाले मागून राहिली. कवडूच्या बडग्याच्या कामट्या कोणं सोलल्या मंग? तुम्ही सोलल्या का, भासरे?"

भैय्याजींनी तोड काढली. या वर्षी बडग्या कौशल्याने करावा. पण वाटेत मोडला किंवा मागे फिरला, तर ओटा रामाजीचा. एकदा उचललेला बडग्या मागे आणला तर वर्षाची पिडा गल्लीतच राहते, असं तिथले लोक मानत.

कौशल्या दुसऱ्याच दिवशी शाळेत आली. "बाई, ते पडलं ते दिसे कसं?"

त्या वर्षी लोकांना सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल, तर त्यानेच. मी तिला वर्तमानपत्रातलं चित्र दाखवलं. चित्रकाराने मधे पिंप आणि दोन्ही बाजूंना दोन लांब पंख काढले होते. रॉकेट खाली आग फेकतं म्हणून वर जातं, हे मी समजावलं. त्या पंखांनी ऊन झेलून वीज करायची, हेही सांगितलं. तिथे माणसं राहून आली, मग घर रिकामंच फिरत राहिलं आणि हळूहळू खाली घसरलं.

"एवढं मोठं घर वर नेलं," ती म्हणाली, "अन् उतरवाची सोय नाही केली?"

ऑगस्टमध्ये आपलं स्वतःचं रॉकेट उडालं. उपग्रह वर नेणारं आपल्या देशात घडवलेलं पहिलंच. ते समुद्रात कोसळलं. त्या संध्याकाळी ओट्यावर मी तिच्याजवळ बसले होते. भैय्याजी बातमी घेऊनच आले. रामाजी मागोमाग.

"पाह्यलं का?" रामाजी म्हणाला. "एवढे शिकले-सवरलेले लोक. त्यायचं पडलं. हिचं तं चौकातच पडन."

कौशल्याने दातात धरलेली सुतळी काढली. "पडलं तं पडलं. पुन्हा बनवतीन. त्यायचा ओटा कोणं काढून घेतला का?"

भैय्याजी हसले. रामाजी नाही हसला.

मारबतीच्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. गल्लीच्या आतल्या चौकात स्कायलॅब उभं होतं. जिलेटिनच्या कागदाने चमचमणारं, पिंपाला लाल जिभेचं तोंड, आणि दोन्हीकडे लांबच लांब पंख. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. भैय्याजींनी हळद-कुंकू वाहिलं. गड्यांनी बडग्या उचलला.

नळाजवळच्या वळणावर तो अडकला.

आजवरचे सगळे बडगे माणसाच्या रूपाचे, हात अंगाला चिकटलेले. कवडू नेहमी विजेच्या तारा बघून उंची ठरवायचा. कौशल्यानेही तारा बघितल्या होत्या. गल्लीची रुंदी मोजायची वेळ त्या घरावर कधी आलीच नव्हती.

"मांगं घ्या!" रामाजी ओरडला. "मांगं घ्या, नाही तं मोडन!"

मागे घेतला तरी ओटा गेला, पुढे रेटून मोडला तरी गेला. गडी घामाघूम होऊन तसेच उभे राहिले. मला वाटलं, संपलं. कौशल्या मात्र पदर खोचून नळाच्या कट्ट्यावर चढली. कमरेचा कोयता काढला आणि डावा पंख पिंपाला जिथे बांधला होता, तिथे मोजून तीन घाव घातले. पंख कापला गेला. तो तिने अलगद खाली घेतला.

"मोडला!" रामाजी म्हणाला. "भैय्याजी, मोडला!"

"मोडला नाही," ती कट्ट्यावरूनच म्हणाली. "कापला. मोडते ते आपोआप. हे म्या कापलं. ज्यानं बनवलं त्याले कापाचा हक हाय का नाही, सांगा?"

सगळे भैय्याजींकडे बघू लागले. लांबून मोठ्या रस्त्यावरचे ताशे ऐकू येत होते. मिरवणूक पुढे सरकत होती.

"मांगं फिरला का?" भैय्याजींनी विचारलं.

"नाही जी!" गडी म्हणाले.

"मंग उभे काहून आहे बे? चला!"

एका पंखाचं स्कायलॅब तिरपं तिरपं चालत गल्लीबाहेर पडलं. "इडा पिडा घेऊन जा रे, बडग्या!" कापलेला पंख कौशल्याने स्वतः खांद्यावर घेतला होता. बडगे माणसं उचलतात, हे त्या गडबडीत कोणाला आठवलंही नाही. रामाजीला आठवलं असेलही.

काही महिन्यांनी एका मासिकात मला वेगळीच गोष्ट वाचायला मिळाली. खऱ्या स्कायलॅबचाही एक पंख वर जातानाच तुटला होता. ते सगळी वर्षं एकाच मोठ्या पंखावर फिरत होतं. मी मासिक घेऊन थेट ओट्यावर गेले.

कौशल्याने चित्र नीट पाहिलं. मग म्हणाली, "त्यायचीबी गल्ली अरुंद होती का जी?"

पुढच्या जुलैमध्ये आपलं दुसरं रॉकेट नीट गेलं आणि त्याने उपग्रह कक्षेत सोडला. तेही तिला मीच सांगितलं. ती काम करत होती. "मी म्हणत होती ना," एवढंच बोलली, आणि मला बसायला टोपली पालथी घालून दिली.

मी आता निवृत्त आहे. इतवारीत फारसं जाणं होत नाही. गेल्या पोळ्याला गेले होते. कौशल्याचे गुडघे धरलेत, म्हणून ती आता पाटावर बसते. पाट त्याच ओट्यावर असतो.