भुईला न लागलेली माळ

देवीचा कोप झालाय, असं सासूबाई म्हणायच्या आणि हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं होतं. मी येरमाळ्याच्या येडाईची आराधीण. परडी घेऊन पाच घरं जोगवा मागायचा हा नेम. पण दुष्काळात कुणाच्या डब्यात पीठ नव्हतं, मागायचं कोणत्या तोंडानं? त्या वर्षी मी गेलेच नाही. पुढं उजव्या डोळ्यापुढं धूर आला. तो निवळतो तोवर पाय ओढू लागला. कळंबच्या डॉक्टरांनी सोलापूरला धाडलं, सोलापूरकरांनी मुंबईला. मेंदूचा फोटो काढणारं नवं मशीन तिथं आलं होतं.

त्यात भलंमोठं लोहचुंबक असतं, अंगावर धातू चालत नाही. जोडवी, मंगळसूत्र मुकाट्यानं ट्रेमध्ये ठेवलं. गळ्यात कवड्यांची माळ उरली. पण दोरा सारखा तुटतो म्हणून मालकांनी मोठ्या हौसेनं ती लोखंडी तारेत ओवलेली! दूध सोसायटीत मशीनवर होते ना. आता ते खाली औषधाच्या रांगेत, आणि ही माळ ना भुईवर ठेवता येते, ना ट्रेमध्ये, ना खिळ्याला टांगता येते; उतरवली तर कुणाच्या तरी हातातच राहायला हवी. "मग फोटो नको," मी म्हणाले आणि रडू कोसळलं. माळ उतरवली तर दुसरा पायही जाईल, अशी धास्ती होती.

बाकावर एक वयस्क बाई आजारी मुलाला घेऊन बसल्या होत्या. "कळंबकडची का गं बाई तू? आमी तिकडच्याच वाशीचे," त्या म्हणाल्या. "आमी बौद्ध. देवी मानत न्हाय. पर तुजी माळ भुईला लागू देनार न्हाय. आन हिकडं." त्यांनी ओंजळ पुढं केली.

आत मशीन धाडधाड वाजत होतं. आई, आता गळ्यात माळ नाही, तुला काय करायचं ते कर, असं म्हटलं आणि कित्येक महिन्यांनी भीती गेली. बाहेर आले तर त्या तशाच ओंजळ धरून बसलेल्या, शेजारी त्यांचा चहा साय धरून निवलेला.

डॉक्टरांनी फोटोतले पांढरे डाग दाखवले. वायरवरचं रबर झिजावं तसं नसांवरचं आवरण झिजलंय, म्हणाले. मालकांना ते लगेच उमगलं. मी विचारलं, "कोप न्हाय ना?" डॉक्टर म्हणाले, "कुणाचा?"

आजार आहेच, काठी घेऊन चालते. माळ पुन्हा दोऱ्यात ओवलीय. तुटायची तेव्हा तुटेल, झेलायला आई कुणाला तरी धाडते. जोगव्यातली पहिली मूठ त्या माउलीच्या मुलाच्या नावानं बाजूला काढते. त्यांना ते चालेल का, एवढं विचारायचं राहिलं.