नव्या प्लगची गाडी

आमच्या शाळेतल्या एका सरांच्या गाडीतून मी रोज नगरहून पाथर्डीला अपडाऊन करतो आणि रोज त्यांच्या स्पार्क प्लगचं कौतुक ऐकतो. कंपनीचे चांगले चालणारे प्लग काढून त्यांनी महागातले बसवलेत. काढलेले चारही प्लग डॅशबोर्डच्या खणात रुमालात गुंडाळून ठेवलेत. गाडीत नवा माणूस बसला की पडलेले दात दाखवावेत तसे ते काढून दाखवतात. "लई फरक पडला बरं का! गाडी नुसती पळती."

प्लग फक्त ठिणगी पाडतो, ती नीट पडली की त्याचं काम संपलं, हे विज्ञानाचा मास्तर म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला.

सकाळची शाळा सुटून भर उन्हात परतताना करंजी घाटाचा चढ लागला की सर ताठ बसतात, "आता बघा" म्हणतात आणि त्यांचा डावा हात हळूच एसी बंद करतो. आम्ही घामाने निथळत वर पोचतो. मग हात एसी लावतो आणि तोंड प्लगचे गुण गातं. गाडी त्यांची, म्हणून मीही मान हलवतो.

काल मात्र राहवलं नाही. ऐन चढावर मीच एसी लावला.

सर खेकसले, "बंद करा आधी! एसी लावून चढ वढंल व्हय गाडी?"

"मग प्लगचं काय, सर?"

"अहो, प्लगमुळंच तर एसी बंद केला की एवढी पळती!"

मी एसी बंद केला आणि काच खाली घेतली.