अक्काच्या हेडफोनमधला सूं

व्हॉल्यूमचं बटण पार शून्यावर नेलं तरी जो आवाज येत राहतो, त्याच्या मागं मी दोन महिने लागले होते. साधा सूं. एकसुरी, रातकिड्यासारखा, पण रातकिडा मध्ये थांबतो तरी. ज्याचे कान शाबूत आहेत त्याला वाटेल, एवढ्याशा सूंसाठी एवढं काय मांडलंय या बाईनं. पण मला माझ्या अक्काशी बोलायचं होतं, आणि आमच्या दोघींच्या मध्ये तो येऊन बसला होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या घरात तेलुगू, दारात मराठी. ती मला चेल्ली म्हणते, म्हणजे धाकटी. आम्ही निम्मं या भाषेत, निम्मं त्या भाषेत बोलतो, इथं मी सगळं मराठीतच लिहिते. अक्का चौदाव्या वर्षी कारखान्यात गेली. सोलापूरच्या पूर्व भागात कारखाना म्हटलं की यंत्रमागाचाच, वेगळं सांगायला नको. आधी सुताच्या कांड्या भरायची, मग टॉवेलच्या मागावर उभी राहिली, ती तीस वर्षांच्या वर. एका पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस माग. मी एकदा तिचा डबा द्यायला गेले होते, तर माझे दात हलत होते. खोटं सांगत नाही.

तिथं माणसाचा आवाज चालतच नाही. सगळं बोलणं ओठांचं आणि हातांचं. अक्का त्यात पटाईत. चार माग पलीकडं दोघी काय कुजबुजतात ते ती इकडून वाचायची आणि संध्याकाळी आम्हाला सांगायची. घरी सासू भिंतीशी तोंड करून पुटपुटली तर हिला कळायचं नाही, पण समोर बसून नुसते ओठ हलवले तरी ही उत्तर द्यायची. सासू म्हणायची, "हिचे कान लई तिखट." आम्हीही तेच म्हणत आलो.

मग तिला काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, जी नजर गेली ती गेली. आता तिला नळीतून बघितल्यासारखं थोडंसं दिसतं, तेही उजेड असला तर. आणि त्याच वर्षी अक्काचं बोलणं थांबलं. लोक म्हणाले, वय झालं, डोळ्यांबरोबर कानही गेले. मीही मान डोलावली. नंतर कानाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, कान कधीच गेले होते, तरुणपणीच. इतकी वर्षं ती डोळ्यांनी ऐकत होती. तिचं तिलाही माहीत नव्हतं. नस वाळलीय म्हणाले डॉक्टर, पार नाही, पण बरीच.

तिचा मुलगा पुण्याला असतो. सून वाईट नाही. पण ना दिसतंय ना ऐकू येतंय, अशा बाईनं दिवसभर कुलूपबंद फ्लॅटमध्ये काय करायचं? मी मुलाला म्हटलं, माझ्याकडं आण. मीही एकटीच.

शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन होतं तिच्याकडं. ते शिट्टी मारायचं, आणि त्याचं बटण गव्हाच्या दाण्याएवढं. ते डब्यात गेलं. मग माझ्या डोक्यात आलं की आपल्या घरात काय कमी आहे? आमच्या ह्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, गणपती, कुठं सभा. ते गेले तेव्हा मी भोंगे, वायरी, सगळं देऊन टाकलं, पण एक अ‍ॅम्प्लिफायर आणि एक माईक ठेवला होता. मी सातवी शिकलेली, पण त्यांच्या शेजारी बसून सोल्डरिंग शिकले. वायरी सोलायचं काम माझ्याकडंच असायचं. बाकीचं बघून बघून आलं.

तर मी माईक घेतला, अ‍ॅम्प्लिफायर लावला, आणि मागं जिथं भोंग्याची वायर जोडतात तिथं हेडफोनची वायर जोडली. व्हॉल्यूम केसभर उघडला. हेडफोन अक्काच्या डोक्यावर चढवला आणि म्हटलं, "अक्का."

ती दचकली. मग हात पुढं करून माझा चेहरा चाचपडला.

"चेल्ली, तू म्हातारी झालीस की. आवाज आईवानी झालाय."

 मी नुसतं अक्का, अक्का करत राहिले. ती म्हणाली, "आता पुढं बोल की काहीतरी. एवढंच सांगायला बसवलंस व्हय?" मी हसले. मग ती जरा मान वाकडी करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "सूं यायलंय."

एवढंच. मी हेडफोन माझ्या कानाला लावून बघितला. खरंच सूं होता, आणि खाली घूंसुद्धा होता. माझा शब्द त्यात अर्धा बुडत होता. माझे कान चांगले, तरी माझी ही गत, तर तिची काय असेल. त्या दिवसापासून मी पदर खोचला.

घूं लवकर सापडला. ट्यूबलाइटच्या चोकपासून मशीन लांब नेलं, माईकची जुनी वायर बदलून जाळीची वायर घातली, अर्थिंग नीट केलं. घूं गेला. सूं तसाच. व्हॉल्यूम वाढवा, कमी करा, शून्यावर न्या, त्याला काही सोयरसुतक नाही. मी माईक काढून बघितला, तरी तो आहेच.

स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार ह्यांच्या वेळचा, मला खाला म्हणतो, म्हणजे मावशी. पिशवीतून मशीन काढून ठेवलं तर म्हणाला, "खाला, हे लग्नाचं मशीन कानाला लावायलाय व्हय? अक्काला वरात ऐकवायची का?"

"वरात नाही, माझं बोलणं."

"मग बिचारीला सूंच बरा की."

"तुझी बायको काय ऐकते मग? तिला पण एक हेडफोन दे."

तो हसला. मग लावून बघितलं त्यानं. "व्हॉल्यूम बंद करून पण यायलंय ना? मग हा व्हॉल्यूमच्या पुढं तयार व्हायलाय. मशीनच्या पोटातला हाय. ह्याला औषध न्हाय. छोटं मशीन घ्या नवीन."

मी नवीन घेतलं नाही. हट्ट म्हणा. मला वाटलं, हे असते तर ह्यांनी काढला असता.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पाणी यायचा दिवस होता. चार दिवसांनी येतं, आलं की असं जोरात येतं की बादली हलते. मी औषधाची बाटली धुवून नळाखाली धरली, तर सगळं पाणी तोंडावर, बाटलीत थेंब नाही. आणि तिथंच ओल्या पदरानं उभी राहून मला कळलं. हे मशीन चार भोंगे गरजवायला केलेलं. हेडफोनला लागतो थेंब. मी व्हॉल्यूम केसभर उघडत होते, म्हणजे माझा आवाज केसभर चालला होता आणि पोटातला सूं पूर्ण. भोंग्यात तो सूं कुणाला कळणार, पण हेडफोन तर कानालाच टेकलेला. आता शेवटाला, हेडफोनच्या आधी, वाट अरुंद केली तर सूंही बारीक होईल आणि माझा आवाजही. पण मग मागून व्हॉल्यूम उघडता येईल. माझा आवाज वाढेल. सूं काही बटणाचं ऐकत नाही, तो बारीकच राहील.

पांढऱ्या सिमेंटचे दोन रेझिस्टन्स आणले, करंट अडवणारे. शंभर ओहमचा एक, तो वायरीच्या वाटेत बसवला. दहाचा एक, तो हेडफोनच्या दोन टोकांमध्ये आडवा टाकला. दहातले नऊ हिस्से जोर तिथंच गरम होऊन जिरला. व्हॉल्यूम निम्म्यापर्यंत नेला. हेडफोन कानाला लावला आणि माईकमध्ये हळूच श्वास सोडला, तर श्वास ऐकू आला. बाकी काही नाही. दुपारच्या विहिरीत असतं तसं शांत. मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

अक्काच्या डोक्यावर हेडफोन घातला. "अक्का, सूं गेला?"

"गेला की. साफ."

पुढचे आठ-दहा दिवस माझे फार सुखाचे गेले. चहा झाला की मी माईक घेऊन बसायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या सुनेनं काय केलं, आईच्या हातची आंबाडी, सगळं काढलं. ती व्हय व्हय करायची, योग्य जागी हसायची. मला वाटलं, झालं. जिंकलो आपण.

जानेवारीतली दुपार. थंडी होती, पंखा बंदच, दार उघडं, उन्हाचा पट्टा घरात. मी आमच्या मावशीच्या लग्नातली गोष्ट सांगत होते, नवरदेवाचा बूट बकरीनं खाल्ला ती. अक्का हसत होती. तेवढ्यात शेजारीण दारात आली.

"काकू, तुमच्यात तरी लाईट हाय का?"

"लाईट? आहे की."

तिनं बटण दाबून बघितलं. नव्हती. "तासभर झाला जाऊन," म्हणाली आणि गेली.

मशीनचा लाल दिवा कधीच मेलेला, त्यामुळं मला कळलं नव्हतं. मी तासभर बंद माईकमध्ये बोलत होते. अक्काच्या डोक्यावर हेडफोन होता आणि चेहऱ्यावर ते हसू अजून तसंच.

तिला प्रश्न विचारायची एक खूण होती आमची. मी तिचा हात धरून तिच्याच कानाला लावला आणि बोटं चोळली. म्हणजे, सूं आहे का?

तिनं जरा ऐकल्यासारखं केलं. "हाय थोडा. पयल्यावानी न्हाय."

मशीन मेलेलं होतं. तारेत काही नव्हतं.

मी तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, तिच्या मांडीवर ठेवला, आणि पुन्हा तीच खूण केली. आता ती हेडफोन चाचपत बसली.

"तू एवढं खपलीस," म्हणाली. "कसं सांगू? शब्द येतात, पण चिंध्या होऊन येतात. चार चिंध्या आल्या की मी आपलं लुगडं समजून घेते. तू हसलीस की तुझा गुडघा हलतो, मग मी हसते."

"आणि सूं?" मी खूण केली.

"तो तर माझाच हाय. कारखान्यातला. माग बंद झाल्यावर राहतो की, तो. सगळ्यांनाच असतो."

मी तिचा हात धरून नाही, नाही असा हलवला.

"तुला न्हाय?"

नाही.

"न्हायच?" तिला खरंच नवल वाटलं. आमच्या भागात तिच्या वयाच्या सगळ्या बाया मागावरच्या, एकीला सूं तर सगळ्यांनाच. तो आजार आहे हे कुणी कुणाला कशाला सांगेल? ती म्हणाली, "मग सगळं गप्प झाल्यावर तुला काय ऐकू येतं?"

  मी तिचा हात नुसता धरून ठेवला. तिला वाटत होतं, शांतता म्हणतात ती अशीच वाजते.

संध्याकाळी लाईट आली. अक्का म्हणाली, "चेल्ली, एक मागू? तो पयला सूं परत येतो का? मशीनचा."

मी माईक तोंडाशी धरून ओरडून विचारलं, कशाला.

"तो होता तवा माझा झाकला जायचा. डोस्कं हलकं व्हायचं. मी तुला सांगितलं की, सूं यायलंय म्हणून."

सांगितलं होतं. काढ असं मात्र ती म्हणाली नव्हती. ते मी माझ्या मनानं जोडलं. आणि दोन महिने खपून, तीस वर्षांत तिला मिळालेली पहिली विश्रांती मी माझ्या हातानं, दोन रेझिस्टन्स लावून, काढून घेतली होती.

मी म्हटलं, "अक्का, तो आला तर माझं बोलणं ऐकू येणार नाही." तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा पोचलं.

"तसंबी लई कुटं येतंय," ती म्हणाली. रागानं नाही. चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं.

दोन दिवस मी ते टाळलं. कधी सोल्डर संपलं म्हटलं, कधी हात दुखतोय म्हटलं, आणि हे सगळं अशा माणसाला सांगितलं ज्याला ऐकूच येत नाही. मी माईकमध्ये बोलत राहिले. अक्का आता हसायची नाही. कळलंय म्हटल्यावर सोंग कशाला करेल? ती कपाळाला आठी घालून शब्द धरायचा प्रयत्न करायची, घामाघूम व्हायची, आणि मी पाच वाक्यं बोलले की थकून मान टाकायची. मला तिच्याशी बोलायचं होतं, आणि त्याची मजुरी तिच्याकडून घेत होते मी.

तिसऱ्या दिवशी दोन्ही रेझिस्टन्स काढले. वायर पहिल्यासारखी सरळ जोडली. माईक काढून ठेवला. आता त्याचं काम नव्हतं. बटण शून्यावर ठेवून मशीन चालू केलं आणि हेडफोन तिच्या डोक्यावर घातला.

ती ऐकत राहिली. हळूहळू कपाळाची आठी गेली. खांदे खाली आले. एवढ्या वर्षांत मी तिचे खांदे असे बघितले नव्हते.

"आता बरं हाय," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी समोर शेंगा फोडत बसले. मध्येच काहीतरी आठवलं, आईचंच काहीतरी, जे तिच्याशिवाय आता कुणाला कळणार नाही. तोंड उघडलं. मग पुढची शेंग घेतली.